नदीकाठचं शेत आणि माळावरचा गट नंबर

ती चौकशी आठवली की आजही मला वाटतं, त्या दिवशी एक सही केली असती तर एका बाईचा संसार उघड्यावर पडला असता, आणि कागदावर मी बरोबरच ठरलो असतो.

मी मूळचा कोकणातला. शाळा आठवीत सुटली. मामाच्या ओळखीने नांदेडला भरतीला आलो आणि शिपाई म्हणून लागलो, तेव्हा तेवढ्या शिक्षणावर घेत. सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. खात्याने आठवीतल्या मुलाला टोपी, पगार आणि माणसांत बसायची पत दिली, हे मी विसरत नाही. पण एक भीती शेवटपर्यंत गेली नाही. आपलं लिहिलेलं कुणीतरी तपासेल आणि चूक निघेल, ही. त्यामुळे शिक्का असलेला कागद दिसला की मी त्याला फार मान द्यायचो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका ठाण्यात होतो. त्या पावसाळ्यात नदीचं पाणी शेतांत तीन दिवस उभं राहिलं. सोयाबीन कुजलं. पीक विम्याचा नियम असा, की पाणी शिरल्यापासून बहात्तर तासांच्या आत मोबाईलवरून फोटोसकट कळवायचं. लोकांनी चिखलात उभं राहून फोटो काढले.

पूर ओसरल्यावर महिन्याभराने माझ्या हद्दीतल्या, म्हणजे बीटच्या, एका गावातून फोन आला. "साहेब, तुम्ही इकडं दारूच्या भट्ट्या हुडकून राहिले, आन् तिकडं सरकारला फसवून राहिले लोक. माळावरच्या शेतात पूर आला म्हनून बाईनं विमा मागितलाय. माळावर पानी चढतंय का कधी?"

दोन दिवसांनी त्याच माणसाचा लेखी अर्ज आला. मी तलाठ्याकडून सातबारा आणि तालुक्यातून विम्याचे कागद मागवले. बाईच्या नावावर एकच गट, आणि तो माळावर, नदीपासून दोन किलोमीटर. विमा त्याच गटाचा. फोटो मात्र नदीकाठचा, हे फोटोवर छापलेल्या जागेच्या आकड्यांवरून कळत होतं. नदीकाठचा तो गट गावातल्या एका निवृत्त गुरुजींच्या नावावर. म्हणजे नुकसान दुसऱ्याचं, फोटो दुसऱ्याच्या शेताचा आणि मागणी हिची. मला प्रकरण सरळ वाटलं.

ठाणेदार साहेब म्हणाले, "विम्याचे खोटे दावे वाढलेत. जबाब घ्या आणि गुन्हा दाखल करून टाका."

बाईला नोटीस देऊन दुपारी बोलावलं. पस्तिशीची, विधवा. वर्षभरापूर्वीच अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागलेली. महिला शिपायाला शेजारी बसवून मी जबाब घ्यायला लागलो.

"हा गट तुमचा?"

"हाव. माझ्या नावावर हाय."

"तिथं पाणी आलं होतं?"

"माझ्या शेतात कमरेएवढं पानी हुतं साहेब. तीन दिस."

"मी गटाचं विचारतोय. माळावर पाणी चढलं होतं का?"

ती गप्प. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"मग फोटो कुणाच्या शेताचा?"

"माझ्याच."

"ते शेत गुरुजींच्या नावावर आहे."

त्यावर तिने एवढंच विचारलं, "साहेब, केस झाली तर माझी अंगणवाडी जाईल ना?"

"जाईल," मी म्हणालो. तिने मान खाली घातली.

एवढ्या वर्षांच्या अनुभवाने मी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला. बोलणारा माणूस ज्या प्रश्नाला गप्प होतो, तिथेच गुन्हा असतो, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. फिर्यादीचा मसुदा मी त्याच संध्याकाळी लिहायला घेतला.

माझा रायटर, म्हणजे लिखाणाचं काम बघणारा हवालदार, उदगीरकडचा. मसुदा वाचून त्याने तो बाजूला ठेवला.

"साहेब, तुमच्याकडं येळवस न्हाई ना?"

नव्हती. मी तीस वर्षांहून जास्त काळ या भागात काढला, पण येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, माझा नेहमी बंदोबस्त असायचा. या भागात त्या दिवशी गाव ओस पडतं. प्रत्येक घर आपापल्या शेतात जातं, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, उभारतं, पूजा करतं आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाताला धरून भाज्या-डाळींची भज्जी आणि ताकाची आंबील खायला बसवतं.

"येळवस मानूस दुसऱ्याच्या शेतात करत न्हाई," हवालदार म्हणाला. "सातबारा कायबी म्हनू दे. हिची कोप कुठं असती तेवढं इचारू."

"कुणाला विचारायचं?"

"ज्यानं अर्ज दिला त्यालाच."

दुसऱ्या दिवशी अर्जदार आला. खूष होता. मी काही विचारायच्या आत हवालदाराने चहा मागवला आणि गप्पा काढल्या.

"काका, गेल्या येळवशीला किती कोपींत जेवलाव?"

"सात." काका पोटावरून हात फिरवत म्हणाले. "आठवीत निस्ती आंबील पेलो."

"ह्या अक्काच्या कोपीत न्हाई गेलाव?"

"गेल्तो की. भज्जी लई झ्याक करती बाई."

"लांब जावं लागलं असंल मग. माळावर."

"माळावर कशाला? नदीला तर..."

काकांनी कप खाली ठेवला. मग काका चिडले. "म्या काय खोटं सांगितलं? त्या गटात पानी आलं न्हाई, एवढंच म्हनलो. आलंय का पानी? सांगा."

नव्हतं आलं. अर्जातलं एकेक वाक्य खरं होतं. मागाहून कळलं, की मदतनिसाच्या निवडीत काकांची सून दुसऱ्या क्रमांकावर होती.

त्याच दिवशी गुरुजींना बोलावलं. बौद्ध कुटुंबातले, सरळ बोलणारे. त्यांनी सांगितलं, "माझे वडील आणि तिचे सासरे, दोघांनी शेतं बदलली. आमचं घर माळाच्या वाटेवर, त्यांचं नदीकडं. तेव्हापासून माळ आम्ही कसतो, नदीकाठ ते. गावाला ठाऊक आहे. कागद करायचा राहिला."

"मग ती बोलली का नाही?"

"कसं बोलणार साहेब? नदीकाठचं शेत माझ्या नावावर. ठाण्यात तोंडानं कबूल केलं की शेत दुसऱ्याचं आहे, तर उद्या मी बाहेर काढीन, ही भीती. माझी मुलं पुण्यात आहेत. ती काय करतील, हे तिला माहीत नाही. मलासुद्धा नाही."

नोंदणीचा करार नसेल तर विमा ज्याच्या नावावर सातबारा त्यालाच मिळतो. तिने आपल्या नावाचा सातबारा दिला आणि आपण कसतो त्या शेताचा फोटो काढला. तिच्या मते दोन्ही तिचंच होतं. मी गुरुजींचा आणि चार शेजाऱ्यांचे जबाब नोंदवले, फसवणुकीचा हेतू नाही असा अहवाल दिला आणि अर्ज निकाली काढला. विमा मात्र तिला मिळाला नाही. जिथे विमा होता तिथे पूर नव्हता, आणि जिथे पूर होता तिथे विमा नव्हता. तिथे माझा इलाज चालला नाही. गुरुजींनी मात्र तिला तलाठ्याकडे नेलं आणि आपसांतल्या अदलाबदलीची नोंद करायचा अर्ज दोघांनी मिळून दिला.

त्यानंतर उरलेल्या नोकरीत जमिनीचा अर्ज आला, की सातबारा उघडण्याआधी मी विचारायचो, इथे राबतं कोण? आणि गप्प बसलेल्या माणसाला गुन्हेगार धरण्याआधी, तो कशाला भितोय हे विचारायचो. हे मला माझ्या रायटरने शिकवलं. त्याचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, आज मानतो.

निकालाची प्रत न्यायला बाई आली. अंगणवाडीच्या कार्यालयात द्यायची होती. तिने माझ्याकडून ती दोनदा वाचून घेतली, शिक्का बघितला आणि कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला.

मी म्हणालो, "अर्ज कुणी दिला होता, हे कळलं असेल तुम्हाला."

"ठाऊक हाय. पन तुम्ही नाव घेऊ नका साहेब." ती उठली. "तुमच्या तोंडून ऐकलं की मला भांडावं लागंल. त्याचा नातू अंगणवाडीत रोज माझ्या हातचा खाऊ खातो."

तेवढं बोलून ती एसटीच्या वेळेसाठी निघाली.