किसनभाऊंचं भिर्रर्र

ऑपरेशननंतर सर्जनसाहेबांनी किसनभाऊंच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप दिला. एक थेंब सांडला नाही. सगळे खूश. किसनभाऊ मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, "म्याडम, हात ब्येस झाला, पण जीभ लई जड झाली."

मी स्पीच थेरपिस्ट. दोन हजार सालानंतर पुण्यात कंपवातावरचं डीबीएस ऑपरेशन नवं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मेंदूत बारीक वायर आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी. त्या करंटनं हातांचा कंप थांबतो. पण तोच करंट शेजारच्या, बोलणं सांभाळणाऱ्या भागात पाझरला की जीभ लोळायला लागते. करंट कमी केला की जीभ मोकळी होते आणि हात पुन्हा थरथरतात. डोकं एकच, दोघांनाही खूश ठेवायचं कसं?

माझ्या टेस्टमध्ये किसनभाऊ जेमतेम पास झाले. 'पा-टा-का' म्हणाले, उताराही सावकाश वाचला. त्रास माइल्ड आहे, असं मी सांगितल्यावर त्यांची बायको पारूबाई फिस्सकन हसली.

"म्याडम, हे सावकाश कुठं बोलत्यात? हे बैलगाड्याचा माईक सांभाळत्यात."

त्यांच्या आळे गावाकडं बैलगाडा शर्यत म्हणजे जीव की प्राण. बैल घाटाचा, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीचा, चढ काही सेकंदांत संपवतात. तेवढ्यात मालकाचं नाव, गाव, बैलांचं कौतुक उरकायचं आणि वर दणदणीत 'भिर्रर्र' ठोकायचं. जत्रा तोंडावर आली होती आणि चुलतभाऊ माईकवर टपून बसला होता. मी म्हटलं, करून दाखवा भिर्रर्र. निघालं 'भिल्ल'. किसनभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं.

सर्जन करंट कमी करायला तयार नव्हते. एवढा सुंदर रिझल्ट, तो असल्या आरोळीपायी घालवायचा?

"सायेब," किसनभाऊ म्हणाले, "च्या सांडला तर सांडू द्या. घाटात शब्द सांडला तर मी मेलोच की."

मी मध्ये तोंड घातलं. पेशंटकडे रिमोट असतोच. छातीवर धरून बटण दाबलं की मशीन बंद, पुन्हा दाबलं की चालू. जत्रेपुरतं बंद ठेवायला काय हरकत आहे? सर्जनांनी विचारलं, हात थरथरल्यावर माईक धरणार कोण?

पारूबाई म्हणाली, "गळ्यात बांधू. बैलाला घुंगरं बांधतोच की."

जत्रेला मला आग्रहाचं बोलावणं आलं. किसनभाऊंच्या गळ्यात माईक, दोन्ही हात लटालटा हलतायत, आणि तोंडातून असं भिर्रर्र निघालं की अख्खा घाट टोप्या उडवत नाचला. चुलतभाऊसुद्धा.

शर्यती संपल्या, पण माणूस थांबेना. आजी सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच, सगळ्यांचे आभार सुरू झाले. बक्षिसं तशीच पडून राहिली. शेवटी पारूबाई स्टेजवर चढली आणि तिनं रिमोट नवऱ्याच्या छातीला लावून बटण दाबलं. हात जागच्या जागी थांबले. जीभ जडावली. किसनभाऊ मुकाट खुर्चीत बसले आणि थेंबही न सांडता चहा प्याले.

तेव्हापासून रिमोट कसा वापरायचा, हे मी पेशंटच्या आधी त्याच्या बायकोला शिकवते.