माझ्या दंडातली तार

दंडात साखर मोजायची तार बसवायची, हे मुलाने ठरवलं तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांशी तोच बोलला, माहितीचे कागद त्यानेच घेतले, आणि आकडे दिसायचे तेही त्याच्याच फोनवर. मरोळच्या ऑफिसात बसून हा घाटकोपरला फोन करायचा, आत्ता काय खाल्लंस म्हणून. बटाट्याची फोड खाल्ली तरी जबाब द्या. सासूनेसुद्धा माझ्या ताटावर इतकी नजर ठेवली नव्हती.

गणेश चतुर्थीला सकाळपासून मला कणकण होती. पण मोदक घरात मीच करते. नैवेद्य दाखवेपर्यंत करणारीने त्यातलं कणभरही जिभेवर ठेवायचं नाही, ही आमची कोकणातली रीत. सारण जमलं की नाही ते वासावर ओळखायचं. चाळीस वर्षं मी हे पाळलंय. मुलानेच तापाच्या दोन गोळ्या आणून दिल्या, म्हणाला, घे आणि उभी राहा, एकवीस मोदक व्हायचेत. घेतल्या.

तासाभरात त्याचा फोन कोकलायला लागला. दोनशे ऐंशी. बाहेर मुलुंडहून आलेली माझी नणंद बसली होती. तिच्यादेखत हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"सारण चाखलंस ना आई? देवाच्याही आधी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बोटाला सुई टोचून बघ. तर म्हणे, मग हे मशीन कशाला घेतलं, मशीन खोटं बोलत नाही. म्हणजे मी बोलते. आणि नणंद सुनेला हळूच विचारत होती, सारण दुसरं करायचं का गं. ते मला ऐकू आलं.

मी पोटावरचा पदर बाजूला केला. टोच म्हटलं तुझं इन्सुलिन, होऊ दे तुझ्या मनासारखं. टोचलं त्याने, आकडा बघून जास्तीचंच. माझ्या पोटात सकाळपासून फक्त बिनसाखरेचा चहा.

भटजी उशिरा आले. आरतीला उभी राहिले आणि मला दरदरून घाम फुटला, हातपाय लटपटायला लागले. मुलगा फोन बघून सांगतोय, अजून एकशे नव्वद आहे, काही झालं नाहीये तिला. सुनेने त्याचं ऐकलं नाही. तिने जुनं मशीन काढून माझं बोट टोचलं. पंचेचाळीस. तिने साखरेचं पाणी माझ्या तोंडाला लावलं. नैवेद्य अजून दाखवायचा होता.

नणंद तेवढं बघून जेवून गेली. मग डॉक्टरांना फोन लागला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तापाची गोळी घेतली होती का. त्या तारेवर एन्झाइम असतं, त्याची साखरेशी क्रिया होऊन बारीकशी वीज तयार होते आणि मशीन ती मोजतं. ह्या गोळीनेही तशीच वीज तयार होते, बिचाऱ्या मशीनला फरक कळत नाही. हे कागदात पहिल्याच पानावर लिहिलंय, म्हणाले. मुलाने ते पान उलटूनही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी आला माझ्याजवळ. म्हणे, काढून टाकूया ना ते, उगाच कटकट. वा रे शहाण्या!

"मशीन राहू दे," मी म्हटलं. "ते आकडे तुझ्या फोनवरून काढ, आणि आधी आत्याला फोन लाव. माझ्यासमोर."

स्पीकर मीच चालू करायला लावला. त्याने गोळीचं सांगितलं, तारेचं सांगितलं, आईने काही चाखलं नव्हतं हेही सांगितलं. पलीकडे नणंद हसली.

"असू दे रे. मुलाने आईची बाजू घ्यावीच. वय झालं की सुटतो माणसाचा ताबा."

तिने फोन ठेवला. मुलगा म्हणाला, आता मी अजून काय सांगू, तिला खरंच वाटत नाहीये. त्याचा चेहरा रडवेला झाला होता आणि मला त्याची जराही दया आली नाही.

परत लाव, मी म्हटलं.