सुई ओवायला लागलेला वेळ

मॅनेजरबाई हे नाव तिला पदवीनंतर पडलं असतं तर गोष्ट वेगळी. ते पडलं व्यवसाय व्यवस्थापनाला प्रवेश घेतला त्याच दिवशी, आणि पाडलं खुद्द आईने. आईचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली: एक पायमशीन, कापड बेतायचं टेबल आणि गिऱ्हाइकासाठी डुगडुगतं स्टूल. नवरा गेल्यापासून आईने त्या मशीनवर घर ओढलं, पण लेकीने मशीनला हात लावायचा नाही, असा तिचा दंडकच होता. "घरात उंटावरून शेळ्या हाकणारं कुणीतरी हवंच," म्हणायची.

आज लेक कारखान्यात साठ माणसांचं काम बघते. पण विद्यापीठाचे ते दिवस आठवले की अजून भरून येतं. पंख्याखालची जागा पकडायची धावपळ, सहाजणींत फिरणारं एकच धड पुस्तक, आणि कामगारांचा उत्साह कसा वाढवावा या विषयाच्या तासाला हमखास लागणारी डुलकी. सुखाचे दिवस होते, तेव्हा कळलं नाही इतकंच.

शेवटच्या वर्षी प्रकल्प आला. एखाद्या व्यवसायात बसून प्रत्येक कामाचा वेळ मोजायचा आणि कुठे वाया जातो ते शोधायचं. त्यात नापास तर पदवी नाही. बाकीची मुलं कारखान्यांचे उंबरठे झिजवत होती. हिच्या तर काखेतच कळसा होता. खेळाच्या सरांकडून स्टॉपवॉच मागून आणून ती दोन आठवडे आईशेजारी बसली.

पहिल्या दिवशी आई ठेवणीतले कपडे घालून मशीनवर बसली.

"आई, फोटो नाही काढायचा. वेळ मोजायचाय."

"असू दे. मोजताना बरं दिसलेलं काय वाईट?"

तिने सगळं मोजलं. बेतणं, कापणं, काजं, बटणं. एक निवृत्त शिक्षिका साडीचा पदर दुमडून घ्यायला येत आणि वीस मिनिटं सुनेची गाऱ्हाणी सांगत, तीही मोजली. अहवालात घरच्या माणसाचं नातं लिहायचं नाही, असा नियम होता. म्हणून आईच्या जागी लिहिलं, 'कामगार'.

वर्गासमोरच्या तोंडी परीक्षेत सरांचं बोट एका ओळीवर थांबलं. सुईत दोरा ओवणे: तीन मिनिटं चाळीस सेकंद. शेरा: कामगार रेंगाळतो.

"स्टॉपवॉच बिघडलं होतं का हो?" सर म्हणाले. "नाही तर या कामगाराला दिसत नसणार."

वर्गात हशा पिकला. तीही हसली, आणि हसता हसताच तिने ती ओळ पुन्हा वाचली. दोन आठवडे ती आईला खेटून बसली होती, पण नजर सगळा वेळ घड्याळाच्या काट्यावर.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेलाच होता. डाव्याला रोज औषध घातलं तर तो टिकण्यासारखा होता.

प्रकल्पाला पहिला वर्ग मिळाला. आईने अहवाल वाचून दाखवायला लावला आणि मशीनवर हात ठेवून कौतुकाने ऐकत राहिली. ती ओळ आली तेव्हा लेकीने ती गाळली आणि पुढचं वाचू लागली.

"सुईचं वाचलं नाहीस," आई म्हणाली.

तिने अहवाल मिटला.

"अगं, घड्याळ टक्क करून थांबलेलं ऐकू यायचं मला. दर वेळी वाटायचं, आता ही वर बघणार. बघितलं असतंस तर कॉलेज सोडून मशीनवर बसली असतीस." आईने चाचपडत तिचा हात शोधला. "तू काही बघितलं नाहीस. बरं झालं."