रंगमंचाखाली रोवलेला ट्रक

११ जानेवारी १९५६, बुधवार, सकाळचे साडेसात. वडशाच्या सेठचा निरोप आला तो या वेळी. दुपारी तीनला माझा ट्रक घेऊन येतो, तुमचा पाहतो, पटले तर आजच अदलाबदल करू, असा निरोप होता. निरोप्या एवढे सांगून चहासाठी थांबला. चहा दिला. तो गेल्यावर मी अंगणात उभ्या असलेल्या माझ्या ट्रककडे पाहिले. पाहण्यासारखे त्यात काही उरले नव्हते.

तो लष्कराच्या लिलावातला छोटा ट्रक होता. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. युद्ध संपल्यावर सरकारने तो विकून का टाकला, हे मला पुढील वर्षांत हप्त्याहप्त्याने समजत गेले. आमच्या गावाकडचे धान वडशाच्या रेल्वेपर्यंत पोचवणे हे त्याचे काम, आणि माझे घर त्या कामावर चालत असे. इंजिनाविषयी तक्रार नव्हती. दोष गिअरबॉक्सचा. तिसरा गिअर घातला की पोटातून कण्हण्याचा आवाज येई, आणि चढावर तो गिअर आपल्या मर्जीने निसटे. मग भरलेली गाडी उताराने मागे सरकू लागे आणि हौद्यात धानाच्या पोत्यांवर बसलेली माणसे एकाएकी देवभक्त होत.

उपाय दोन होते. एक, गिअरबॉक्स उघडून नागपूरहून नवी चक्रे आणवणे. त्यात धानाच्या हंगामाचा बराचसा भाग अंगणात बसून काढावा लागला असता. दुसरा उपाय, सेठ. त्याचा ट्रक माझ्यापेक्षा पुष्कळ नवा होता, चढावर न कुरकुरता चढत असे, आणि त्याला आपल्या भाताच्या गिरणीसाठी माझ्या ट्रकचे इंजिन हवे होते. सौदा सरळ होता. अट एकच: नव्या ट्रकबरोबर त्याचा भाचा ड्रायव्हर म्हणून येईल. ट्रक माझा झाल्यावरही तो कोणी चालवावा हे सेठने ठरवावयाचे, यात त्याला काहीही वावगे दिसत नव्हते. भाच्याने गिरणीत, दुकानात व तेंदूपत्ता गोळा करण्याच्या फडीवर काम करून पाहिले होते, आणि तिन्ही ठिकाणच्या लोकांनी त्याला मोटार चालवण्याचा सल्ला दिला होता.

माझ्याकडे ड्रायव्हर होता. वडशाच्या एका कल्हईवाल्याच्या घरातला, वयाने माझ्याहून मोठा. ट्रक आणि तो एकाच दिवशी माझ्या दारात आले. सारे गाव त्याला चाचा म्हणत असे. दुसरी गाडी त्याने आयुष्यात चालवली नव्हती आणि त्या वयात कोणी चालवावयास दिलीही नसती. ही गाडी मात्र तो डाव्या गुडघ्याने गिअरचा दांडा दाबून धरीत चढावर नेई. त्या गुडघ्यावर काळा घट्टा पडला होता. सेठची अट त्याला माहीत होती. मीच सांगितली होती. ऐकून तो म्हणाला, "ठीक है, मालक," आणि काच पुसू लागला. काच त्याने तासाभरापूर्वीच पुसली होती.

दुरुस्ती की बदली, या प्रश्नावर गावात मतांचा तुटवडा नव्हता. ज्यांनी कधी बैलबंडीखेरीज काही हाकले नव्हते ते गिअरबॉक्सविषयी अधिक ठामपणे बोलत. घरातले मत स्पष्ट होते. माझी पत्नी म्हणाली, "अवो, देऊन टाका तो डबडा. तुमी वडशाले गेले का दिवसभर जीव थाऱ्यावर रायत नाई."

"आणि चाचाचे काय?"

"तेच तर," ती म्हणाली आणि आत गेली. नवा ट्रक घ्यावयाचा, हे मी तोपर्यंत जवळजवळ ठरवले होते.

त्या दिवशी गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, होता आणि रात्री नाटक. आमच्या झाडीपट्टीत नाटकासाठी जे मागितले जाईल ते नाकारीत नाहीत. आदल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराचे दार रंगमंचावर गेले होते आणि नाटकातील राणी त्यावर उभी राहून दोन अंक रडली होती. दार परत आले तेव्हा त्याला तीन खिळे जास्त होते. तेव्हा सकाळी नऊला पाटील दारात आले, ते दार मागावयास आले असे मी समजलो. पाटील हे गावचे पाटील व नाट्यमंडळाचे अध्यक्ष. दोन्ही पदांवर ते एकाच आवाजात बोलत.

"भाऊ, टरक पाह्यजे," ते म्हणाले.

"पडदे आणावयाचे असतील तर घेऊन जा. पण तीनच्या आत परत हवा. सेठ पाहावयास येणार आहे."

"हव जी. तीनच्या आंधी झालंच समजा."

काय झालेच समजावयाचे, हे मी विचारले नाही. चाचा ट्रक घेऊन गेला.

रंगमंच उभारण्याची आमच्याकडील रीत येथे सांगितली पाहिजे. चारसहा बंड्या ओळीने उभ्या करतात. त्या हलू नयेत व सर्वांची उंची सारखी यावी म्हणून चाकांसाठी खड्डे खणतात, चाके त्यांत उतरवतात, आणि माती घालून धुम्मसाने ठोकतात. वर फळ्या व गावाची दारे. नाटक संपले की आठ माणसे बंडीला हात घालतात आणि उचलून बाहेर काढतात. पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालत आले आहे.

दोनच्या सुमारास मी पटाच्या मैदानावर गेलो. बंड्या ओळीने रोवलेल्या होत्या. त्यांच्या मधोमध, आसापर्यंत जमिनीत, माझा ट्रक होता. चारही चाकांभोवतीची माती ठोकून, वर शेणाचा सडा घातला होता. हौद्यावर फळ्या ठोकल्या होत्या आणि केबिनच्या टपाला राजवाड्याचा पडदा बांधला होता. खिडकीतून चाचा मला पाहून उतरू लागला, पण दार उपसलेल्या मातीच्या ढिगाला अडले. तो दुसऱ्या दाराने, तेवढ्याच कष्टाने, बाहेर आला.

"कोणी रोवला?" मी विचारले.

"मीच उतरवला, मालक. पाटील बोलले, बीच का जागा बंडी के बस का नाही. वजन पाह्यजे."

त्याने हे मुद्दाम केले असे पुढे पुष्कळांनी म्हटले. मला तसे वाटत नाही. त्याच्या गाडीला कोणी मधली जागा देऊ केली होती. तेवढे त्याला पुरेसे होते.

"पाटील, हा बाहेर कसा काढणार?"

पाटलांनी ट्रककडे प्रथमच बाहेर काढावयाच्या दृष्टीने पाहिले. "आठ जनं लावू," ते म्हणाले.

"बंडीला आठ लागतात."

"मंग सोळा लावू. काऊन इतकी चिंता करता जी? नाटक तर होऊ द्या."

तीनला सेठ आला. सौद्याची बातमी ट्रकआधी पोचली होती, म्हणून पटाची अर्धी माणसे बैल सोडून इकडे जमली. सेठचा ट्रक हिरवा, स्वच्छ, आवाज एकसारखा. तो बंद केल्यावर त्याने परत सुरू करून दाखवला, आणि पुन्हा बंद केला. खोट काढण्यासारखे मला काही सापडले नाही. भाचा स्टिअरिंगवर हात ठेवून आत बसून राहिला. तो उतरला नाही.

सेठ माझ्या ट्रकभोवती फिरला. चाकांच्या जागी त्याने सडा पाहिला.

"भाऊ, हे का हाये? गाडी हाये का ओटा हाये?"

"आजच्या दिवस ओटा आहे," मी म्हणालो.

"चालवून कशी पाहू?"

"चालवू नका. मी सांगतो. तिसरा गिअर कण्हतो. चढावर निसटतो. गिअरबॉक्स उघडल्याशिवाय गत्यंतर नाही."

मी हे पाटलांसमोर, पटाला आलेल्या माणसांसमोर, मोठ्याने सांगितले. सौदा करावयाचा तर दोष सांगून करावा, अशी माझी पद्धत होती. सेठने डोळे बारीक केले. गाडी विकणारा स्वतःच्या गाडीला नावे ठेवतो, हे त्याच्या व्यवहारात आजवर घडले नव्हते. यात काही डाव आहे हे त्याने ओळखले, आणि डाव कोणता ते शोधण्यासाठी तो चाचाकडे वळला.

"काऊन चाचा, कन्हते का गाडी?"

चाचाच्या पुढे साधे काम होते. हव, म्हणजे हो, म्हणावयाचे. एवढा एक शब्द उच्चारला असता तर सेठ गेला असता, त्याचा भाचाही गेला असता. मी त्याच्याकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्याने सेठला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"कन्हते? कोन बोलला?"

"तुमचे मालकच सांगून राह्यले."

"मालक को क्या मालूम? मालक बाजूले बसते, झोपते."

लोक हसले. सेठही हसला. मी म्हणालो, "चाचा, गेल्या आठवड्यात घाटीवर गिअर निसटला नाही का?"

"तो मी काढला, मालक. बंडीवाला मधी आला म्हणून."

"आणि तुझा गुडघा?"

"गुडघा माझा हाये. गाडीचा नाई."

मग त्याने केबिनपुढील फळी बाजूस केली, खाली वाकून हँडल मारले, आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झाले. जमिनीत रोवलेला असल्याने ट्रक तसूभरही हलला नाही. रंगमंचाच्या फळ्या मात्र थरथरू लागल्या, आणि वर तालीम करीत बसलेला राजा, अर्धी मिशी लावलेला, सिंहासन धरून उठला. इंजिन फार सुंदर चालत होते. चाके फिरवावयाची नसल्याने कण्हावयाचे काही कारणच नव्हते. त्या ट्रकने इतकी निर्दोष वागणूक माझ्याकडे कधी दाखवली नव्हती.

सेठ कान लावून ऐकत राहिला. मग मला बाजूस घेऊन म्हणाला, "भाऊ, समजलो मी. तुमाले द्याचाच नाई. म्हणून नावं ठेवून राह्यले. मले हेच इंजिन पाह्यजे. वर काई मांगत नाई. आत्ता काढा, आत्ता नेतो. माझा ट्रक इथीच ठेवतो."

खरे सांगितल्याने सौदा मोडेल असे मला वाटले होते. खरे सांगितल्यानेच तो पक्का झाला. दोष जाणूनबुजून घेणाऱ्यास मी अडवू शकत नव्हतो. नवा ट्रक समोर होता, माझ्या घरचे मत त्याच्या बाजूने होते, आणि चाचाने आपल्या तोंडाने आपली जागा भाच्याला देऊन टाकली होती. तो हँडल हातात धरून उभा होता. त्याचा चेहरा त्या वेळी पाहावयास नको होता. त्यावर पूर्ण समाधान होते.

पाटील नारळ घेऊन आले. रंगदेवतेच्या पूजेची वेळ झाली होती. एकदा मंचावर नारळ फुटला की नाटक संपेपर्यंत मंचाची काडीही हलवीत नाहीत, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. सेठलाही ठाऊक होते. तो घाईने म्हणाला, "थांबा जी पाटील. पयले गाडी काढू द्या."

पाटील माझ्याकडे वळले. नारळ वर धरलेलाच होता. "सांगा भाऊ. गाडी काढाची का फोडू? काढाची तर आत्ताच काढा. जनं हायेत."

माणसे खरोखरच जमली होती. सोळाहून अधिक होती. फावडी पडली होती. अर्ध्या तासाचे काम वाटत होते.

"फोडा," मी म्हणालो.

नारळ फुटला. सेठने नारळाच्या दोन शकलांकडे पाहिले. मग म्हणाला, "मंग उद्या पाठवा."

"नाही."

"परवा?"

"तिसरा गिअर कण्हतो, सेठ. मी दुरुस्त करून घेणार आहे."

त्याने मान हलवली. माझा डाव आता त्याला पुरता कळला होता. कोणता, ते मला त्याने सांगितले नाही. जाताना त्याने पाटलांना नाटकासाठी देणगी दिली, माझ्याकडे न पाहता. हिरवा ट्रक उतारावरून बिनबोभाट निघून गेला. तो खरोखर चांगला ट्रक होता.

चाचा पाटलांवर संतापला होता. "इतना अच्छा सौदा झाला होता, मालक," तो म्हणाला, "या पाटलाने नारळ घालून मोडला. देखो तो सही, सेठला किती पसंत पडली गाडी." पाटलांचे म्हणणे वेगळे होते. रंगदेवतेच्या मनात नव्हते, असे ते ज्याला त्याला सांगत होते. माझे म्हणणे कोणी विचारले नाही. घरी विचारले जाणार होते. तिथे गिअरबॉक्सविषयी बोलावे लागेल, याची मी तयारी केली.

त्या दिवसापासून हंगाम अर्धा बुडाला, हे लिहून ठेवतो. नागपूरची चक्रे यावयास फार वेळ लागला. तोवर धान बंड्यांनी गेले. ट्रक बाहेर काढावयास सोळा नव्हे, बैलांच्या चार जोड्या लागल्या, आणि मागील बंपर मैदानातच राहिला.

पण ते पुढचे. त्या दिवशी ऊन उतरले तेव्हा वर नट रंग लावीत होते आणि मैदानात लोक जागा धरण्यासाठी पोती अंथरीत होते. मी पडद्याखालून केबिनमध्ये शिरलो. चाचाला दिवा धरावयास सांगितले. गिअरबॉक्सवरील पत्रा पायांखालीच असतो. त्याचे बोल्ट गंजले होते. पाना लावून एकेक ढिला केला. चारही निघाले. ते पत्र्याच्या डब्यात टाकले, वर बुडतील इतके रॉकेल ओतले, आणि डबा सांडू नये म्हणून सीटखाली विटेला टेकवून ठेवला.