माझ्या मुलाने मला बहिरी केलं

"आजींना ऐकू येत नाही का?" शर्वरीताईंनी विचारलं. मला नाही, माझ्या मुलाला.

"नाही हो," तो म्हणाला. "हल्ली अजिबातच नाही."

मी शेजारीच उभी होते. मला सगळं ऐकू येत होतं.

इथे परदेशात, हार्बरफ्रंटकडच्या एका काँडोच्या, म्हणजे बड्या लोकांच्या सोसायटीच्या, हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती होता. शर्वरीताई मंडळातल्या मोठ्या बाई. त्यांनी आधी मलाच विचारलं होतं, "आजी, माहेर कुठलं तुमचं? आडनाव काय?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात पोराने हे सांगितलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग त्या बाया माझ्या कानाशी ओरडायला लागल्या. "आ-जी! मो-दक खा!" एकीने माझा हात धरून माझ्याच तोंडाकडे नेला. सगळ्या हसल्या. पोरगाही हसला.

बहिऱ्या माणसासमोर लोक मोकळं बोलतात. शर्वरीताई त्यांच्या ऑफिसातल्या कोणाबद्दल सांगत होत्या. "कोट्यातून शिकायचं, कोट्यातून वर यायचं. आडनाव ऐकलं की कळतंच हो." माझा मुलगा म्हणाला, "हो ना."

हो ना.

आम्ही कांबळे. मी चौथीनंतर शाळा सोडली आणि लासलगावला कांद्याच्या खळ्यावर बसले. कांदे निवडून निवडून बोटांचा वास जात नसे. पोरगा समाजकल्याणच्या वसतिगृहात राहिला, शिष्यवृत्तीवर इंजिनियर झाला. पुण्यात नोकरी लागल्यावर त्याने गॅझेटात आडनाव बदललं. नाशिककर. "आई, नोकरीत बरं पडतं," म्हणाला. मी कधीच काही बोलत नाही, लोकांसमोर माझी जीभ उचलत नाही. तेव्हा वाटलं, नावच बदललंय, पोरगा तोच आहे.

पण नाव बदलून भागलं नाही. माझं बोलणं खळ्यावरचं. तोंड उघडलं की सगळं बाहेर पडेल, म्हणून त्याने मला बहिरी केलं. घरी येताना एमआरटीच्या गाडीत तो मोबाइल बघत होता. मी त्याचे कान बघत होते. लहानपणी मीच त्यात तेल घालायची.

नातीला शाळेत आयर्लंड देशाचा प्रोजेक्ट होता. टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती जेवणाच्या टेबलावर मी कापून दिलेली चित्रं चिकटवत बसायची आणि मला सांगायची. तिचं मराठी तुटक, पण मला कळतं.

"त्यांच्यावर इंग्लिश लोकांचं राज्य होतं, आजी. लहान मुलांच्या गळ्यात स्टिक बांधायचे. घरात आयरिश बोललं की स्टिकवर एक कट. मग शाळेत कट मोजून मार. सो मीन, लाह." इथल्या पोरांसारखं ती मधूनच 'लाह' लावते.

"घरात इंग्रज यायचा का कट करायला?"

"नो, आजी. आई-बाबाच करायचे. इंग्लिश आली की जॉब मिळेल, म्हणून."

माझ्या हातातली कात्री थांबली. त्या आयांचा मला राग आला नाही. भूक काय करायला लावते ते मला ठाऊक आहे. पण माझा मुलगा उपाशी नाही. त्याने आपल्या आईच्या गळ्यात काठी बांधली ती काँडोतल्या हॉलमध्ये, मोदक खाता खाता.

"मग सुटले कसे ते?" मी विचारलं.

"नंतरच्या लोकांनी क्लासेस काढले. मोठी माणसं परत आपली भाषा शिकली. एकाने गाडीवर आपलं नाव आपल्या अक्षरात लिहिलं, तर त्याला कोर्टात नेऊन फाइन केला. मग फायटिंग. पण ते खूप नंतर." तिने चित्राला गोंद लावला. "आजी, तुला तर ऐकू येतं. गणपतीत बाबा खोटं का बोलला?"

बारा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं, की तुझ्या बापाला माझी लाज वाटते?

दिवाळीच्या आधी शर्वरीताई मंडळाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला घरी आल्या. सूनबाईने फराळ दिला. ताई माझ्या कानाशी वाकल्या. "आ-जी! चक-ली छा-न!"

मी कान मागे घेतला. या वेळी बोलले.

"हळू बोला, ताई. मला ऐकू येतं. गणपतीतही येत होतं. तुम्ही कोट्याचं बोललात तेही ऐकलं. आम्ही कांबळे. माझा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकला. हुशार होता म्हणून शिकला."

"अहो, मी तुमच्याबद्दल थोडीच बोलत होते!" त्या म्हणाल्या. अर्धी चकली ताटलीत ठेवली. बोटं रुमालाला पुसली. लगेच निघाल्या.

दार लागल्यावर पोरगा म्हणाला, "काय मिळवलंस? माझी दहा वर्षं घालवलीस. पुन्हा असं केलंस तर गावी पाठवीन. मग बस नातीची वाट बघत."

नात आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं असणार.

एवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोनवर शर्वरीताईंना सांगत होता, "आईचं मनावर घेऊ नका. वयामुळे भ्रम होतो तिला. कोणाचंही आडनाव आपलं म्हणून सांगते."

मी ओट्याशी उभी होते. आधी माझे कान काढून घेतले होते, आता डोकं.

म्हणून हे नातीच्या जुन्या वहीत लिहून ठेवते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्या पासपोर्टवर कांबळे आहे आणि मी मरेपर्यंत कांबळे राहणार. रविवारी त्याच हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम आहे. मला न्यायचं नाही असं पोराने आणि सूनबाईने ठरवलंय. गाडी कुठे बदलायची ते मला माहीत आहे. मी एकटी जाणार, शर्वरीताईंच्या पुढ्यात उभी राहणार आणि सगळ्यांसमोर सांगणार, की मला भ्रम झालेला नाही, माझा मुलगा खोटं बोलतो.

मग पाठव मला गावी.