चार वेळांची चिठ्ठी

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आमच्या संस्थेचं आरोग्याचं काम मी बरीच वर्षं चालवते आहे. बाहेरून पाहुणे आले की त्यांना हमखास एक चिठ्ठी दाखवली जाते. बाळंतपणासाठी बाई घरातून कधी निघाली, गाडी कधी आली, दवाखान्यात कधी पोचली आणि डॉक्टरांनी तिला कधी पाहिलं, एवढ्या चारच वेळा त्या चिठ्ठीवर लिहायच्या. ही कल्पना कशी सुचली असं पाहुणे विचारतात. कामातून सुचली, असं मी सांगते. खरं तर एका माणसाला खाली पाडायचं म्हणून मी ती काढली.

मी सापगावकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. नर्सिंग शिकले आणि मुरबाडच्या आतल्या भागात एका उपकेंद्रावर कंत्राटी नर्स म्हणून लागले. भातकापणीच्या दिवसांत एका पाड्यावरची तरुण बाई सकाळी माझ्या हातून बाळंत झाली. मुलगी झाली, रडली, वारही नीट पडली. पण रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पोट चोळत राहिले. मग तिला आणि तिच्या आईला जीपमध्ये घालून आरोग्य केंद्रात नेलं. शेजारच्या शाळेची जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती. मुलं ताटं घेऊन ओट्यावर बसत होती, ते मला आजही दिसतं.

केंद्रात डॉक्टर नव्हते. रुग्णवाहिकाही नव्हती. शिपायाने सांगितलं की साहेब बाजारगावातल्या स्वतःच्या दवाखान्यात गेलेत आणि गाडी त्यांनाच सोडायला गेलीये. मी फोन लावला. त्यांनी तो कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. जीपवाला आम्हाला उतरवून केव्हाच निघून गेला होता. दुसरी गाडी मागवली, ती लांबून यायची होती. ती येण्याआधी व्हरांड्यातल्या बाकावर, आईच्या मांडीवर डोकं ठेवून, ती बाई गेली. डॉक्टर संध्याकाळी आले आणि त्यांनी नोंद लिहिली.

चौकशीच्या बैठकीत ते म्हणाले की पेशंट साडेचारला पोचली, तोवर सिस्टरनी तिला उपकेंद्रातच ठेवली होती. शिपाई खाली बघत राहिला. तिच्या आईला कुणी बोलावलंच नव्हतं. आम्ही शाळेच्या सुट्टीच्या वेळीच पोचलो होतो, असं मी सांगत राहिले. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “सिस्टर, लेखी काही आहे का तुमच्याकडे?”

माझ्याकडे काहीच नव्हतं. मला नोटीस मिळाली आणि पुढे माझं कंत्राट वाढवलं नाही. गावी माझ्या आईला बायका नळावर विचारायच्या, तुझ्याच पोरीच्या हातून ना गो ती बाय मेली? आई घागर अर्धी भरून परत यायची.

नंतर मी आत्ताच्या या संस्थेत लागले. खर्डीच्या पुढच्या पाड्यांवर मुलांची वजनं करत फिरले, आशाताईंना शिकवलं, हळूहळू वर चढले. त्या डॉक्टरांवर माझी नजर होती. ते त्याच केंद्रात होते, बाजारगावातला दवाखाना चालूच होता आणि आता त्यांना तालुक्याची मोठी जागा मिळणार अशी बोलणी होती. संस्थेच्या आरोग्य कार्यक्रमाची प्रमुख झाल्यावर मी पहिलं काम केलं ते चिठ्ठीचं. सुरुवातीला एकच केंद्र निवडायचं होतं. मी त्यांचं निवडलं.

उद्घाटनाला नारळ त्यांनीच फोडला. त्यांनी मला ओळखलं नाही. “चांगला उपक्रम आहे, मॅडम,” म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली.

आशाताई चिठ्ठी भरायच्या आणि लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या. पहिल्या तीन वेळा ठीक असायच्या. चौथी वेळ दोन-दोन, तीन-तीन तासांनी पडायची, नाहीतर जागा कोरी असायची. माझा सहकारी म्हणाला की आता त्यांच्याशी बोलू या, बायकांचे हाल होतायत. अजून थोडं थांबू, असं मी म्हटलं. चिठ्ठ्या कमी पडल्या तर ते पुन्हा सुटतील अशी मला भीती होती. त्याच महिन्यात एक बाई कळा सोसत तीन तास त्याच बाकावर बसून राहिली. ती वाचली, बाळही वाचलं. वाचली नसती तर मी हे लिहायला धजावले असते का, मला माहीत नाही.

जिल्ह्याच्या आढावा बैठकीत मी चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि एकेक वाचली. आशा काय, मनाला येईल ते लिहितात, असं डॉक्टर म्हणाले. मी फोटो आणि फोटोंवरच्या वेळा दाखवल्या. मग विचारलं, “तुम्ही तेव्हा केंद्रात होतात, असं लेखी काही आहे का तुमच्याकडे?”

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांनी मला ओळखलं.

“तुम्ही जुना राग काढताय,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हणाले. “पण वेळा खऱ्या आहेत.”

त्यांची बढती अडली, बदली लांब झाली, बाजारगावातल्या दवाखान्याला कुलूप लागलं. त्या बाईच्या मृत्यूची फाईल पुन्हा उघडावी म्हणून मी अर्ज केला. जुने कागद सापडत नाहीत, असं उत्तर आलं. तिच्या मरणावर आजही त्यांनी लिहिलेलीच वेळ आहे.

मी तिच्या आईला सांगायला पाड्यावर गेले. नात शाळेत गेली होती. म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. “बरा झाला,” म्हणाली. मग सूप खाली ठेवून तिने विचारलं, “पन बाय, आता तिथं डाक्टर कोन हाय?”

कुणीच नव्हतं. जागा रिकामी होती आणि बायकांना थेट मुरबाडला जावं लागत होतं. हे मला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून ऐकेपर्यंत मी त्यावर बोट ठेवलं नव्हतं. मग त्या जागेवर डॉक्टर मिळावा म्हणून मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी एक तरुण डॉक्टरीण आली. ती केंद्राच्या आवारातच राहते. चिठ्ठ्या आता दोन्ही तालुक्यांत भरल्या जातात.

मागच्या उन्हाळ्यात ते जुने डॉक्टर मला आसनगाव स्टेशनच्या पुलावर दिसले. म्हातारे झाले होते, हातात भाजीची पिशवी होती. असं काही पाहिलं की मन विरघळतं, असं लोक सांगतात. माझं विरघळलं नाही. मला बरं वाटलं, अगदी पोटभर. ते कठड्याला लागून उभे राहिले, मला वाट दिली, आणि मी आभार न मानता पुढे गेले.