चोळीतली सुई

“बाई, चोळीतली सुई काढून घ्यायला काय झालं होतं? फिल्म वाया घालवलीत!”

आमचे सर्जनसाहेब ओली फिल्म खिडकीशी धरून माझ्यावर ओरडत होते. फिल्मवर डाव्या बाजूला एक बारीक पांढरी रेघ होती. धातूतून क्ष-किरण पार जात नाहीत, म्हणून धातू फिल्मवर पांढराशुभ्र उमटतो.

माझं डोकंच फिरलं. ही गोष्ट साठीच्या दशकातली. बुलढाणा जिल्ह्यात एक्स-रे काढणारी बाई म्हणजे तेव्हा लोकांना नवल वाटायचं. सहा वर्षं वॉर्डात नर्सचं काम करून मी हे शिकले होते, आणि माझ्या खोलीचा एक नियम होता. आमच्याकडच्या बायका गोधडी शिवता शिवता उठल्या की सुई चोळीलाच खोचतात. मग ती विसरतात आणि तशाच दवाखान्यात येतात. म्हणून टेबलावर घेण्याआधी मी स्वतः चोळी चाचपायची, सुई काढायची आणि दाराजवळच्या चिंध्यांच्या उशीत टोचून ठेवायची.

“साहेब, तिची सुई माझ्या उशीत आहे. लाल दोऱ्याची. चला, दाखवते.”

“मग दुसरी असेल.”

“दुसरी नव्हती. मी हात फिरवून पाहिलंय.”

“बाई, तुम्ही फोटो काढा. वाचायचं काम माझं.”

आणि ते पुन्हा चिठ्ठी लिहायला बसले. चिठ्ठी नागपूरच्या मोठ्या दवाखान्याच्या नावे होती. पेशंट उंद्रीची सुभद्रा, वय असेल पंचवीस. महिनाभर तिचा डावा स्तन दुखत होता आणि आत सुपारीएवढी घट्ट गाठ लागत होती. नुसतं दुखणं बहुतेक वेळा कॅन्सरचं नसतं. पण गाठही आहे म्हटल्यावर साहेबांना शंका आली, यात त्यांची चूक नव्हती. नागपूरला स्तन काढून टाकावा लागेल, असं तिला सांगूनही झालं होतं. छातीचा फोटो फक्त फुप्फुसं पाहायला मागवला होता. तो मी चोळीवरच काढला, कारण पोरगी फार लाजत होती. तेवढी चूक माझी.

बाहेर बाकावर सुभद्रा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी सासू.

“बाई, माहं लेकरू अजून अंगावर पेते,” ती म्हणाली. “त्याचं कसं करू जी?”

“हिचं ध्यानच नसते कुठी!” सासू सुरू झाली. “मागच्या महिन्यात माही चांगली मोठी सुई हरवली हिनं. आता हे आणलं!”

मी जागच्या जागी थांबले. “कोणती सुई? कशी हरवली?”

“गोधडीची,” सुभद्रा म्हणाली. “चोळीले खोचली होती. मंग ज्वारीचं पोतं कवटाळून उचललं. तवा जरासं टोचलं, पण मी ध्यान नाही देल्लं. मंग सुई दिसलीच नाही.”

अगं माझे आई! मी तशीच साहेबांच्या खोलीत शिरले, त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, “आणखी एक फिल्म द्या. चोळी काढून, बाजूनं.”

“फिल्म काय झाडाला लागतात?”

“काही निघालं नाही, तर उद्यापासून मी परत वॉर्डात जाते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. “घ्या.”

समोरून काढलेल्या फोटोत कपडा, कातडी, आतलं मांस सगळं एकावर एक पडतं. सुई वर आहे की आत, ते कळत नाही. बाजूनं काढलं की कळतं. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा खास एक्स-रे, आम्ही तेव्हा ऐकलीही नव्हती. मी केव्ही कमी केला. केव्ही म्हणजे किरणांचा जोर. मऊ मांस पाहायचं तर तो कमी लागतो. सुभद्राला कुशीवर घेतलं, श्वास रोखायला सांगितला आणि बटण दाबलं.

डार्करूममध्ये मी फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली. वॉर्डाची बात सहज बोलून गेले होते, पण ही खोली माझा जीव की प्राण होती. लाल दिव्याखाली रेघ वर आली. कातडीपासून दोन बोटं आत, नेढ्याकडून तुटलेली सुई!

साहेबांनी ती फिल्मही खिडकीशी धरली. मग त्यांनी चिठ्ठी फाडली.

दुसऱ्या दिवशी माझ्या दोन फिल्म समोर टांगून त्यांनी लहानशी चीर दिली. सुई निघाली, पू निघाला. ती गाठ सुईभोवतीच धरलेली होती. गाठीचा तुकडाही त्यांनी तपासायला पाठवला. काही दिवसांनी अहवाल आला, कॅन्सर नव्हता. स्तन शाबूत राहिला.

ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच सुभद्रानं आधी बाळ मागितलं आणि मग सुई. सुईचा तो गंजलेला तुकडा तिनं सासूच्या तळहातावर ठेवला.

“घ्या आत्याबाई. हरवली नव्हती. माह्यापाशीच होती.”

सासूनं सुनेच्या कपाळावरून हात फिरवला आणि बाळाला उचलून घेतलं.

त्यानंतर कुठल्याही बाईच्या फिल्मवर रेघ दिसली की साहेब आधी विचारायचे, “बाई, तुमची उशी काय म्हणते?” मला कसला अभिमान वाटायचा म्हणून सांगू! फोटोत काय दिसतं ते डॉक्टरांनी खुशाल सांगावं. टेबलावर चढताना पेशंटच्या अंगावर काय होतं, ते मात्र आम्हाला विचारावं.